पिवळ्या कागदावरचं दुसरं वाक्य

तैपेइ, ३ ऑगस्ट

प्रिय आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू तब्येत आणि भाजीच्या भावापलीकडे काही बोलत नाहीस, आणि या खेपेला मलाही फोनवर बोलायची सोय नाही. म्हणून कागद.

आमच्या त्सेंग बाई राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या आहेत हे तुला माहीत आहेच, तुझ्या उदबत्तीच्या दुकानाच्या दारावर त्यांचं पोस्टर मीच चिकटवून आले होते. आता त्यांना जोडीदार हवाय, उपराष्ट्राध्यक्षपदासाठी. मतपत्रिकेवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापतात, त्यामुळे एकाच्या अंगावरचा डाग दुसऱ्याच्याही अंगावर दिसतो. जे नाव येईल ते खरवडून बघायचं काम क्वोसाहेबांनी वकील म्हणून माझ्याकडे दिलंय. क्वोसाहेब म्हणजे आमचे प्रचारप्रमुख, निवडणुका लढवता लढवता केस पांढरे केलेले. पहिल्या माणसाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट निघाला. दुसऱ्याने प्रबंध चोरलेला निघाला. आता तिसरं नाव आलंय, आणि ते वाचून मी भर ऑफिसात मोठ्याने हसले.

लिआव त्से-युआन. आपले डॉक्टरकाका!

बाई खूश आहेत. मधल्या भागातला माणूस, चाळीस वर्षं गरिबांचा दवाखाना, कुठल्या पक्षाच्या भांडणात नाही. क्वोसाहेब मात्र म्हणाले, "इतका स्वच्छ माणूस दिसला की मी आधी त्याची नखं बघतो. यी-रू, तू लुगांगची ना? खोद." मी म्हटलं, ते आमच्या घरच्यासारखे आहेत. तर म्हणाले, "मग तुला फावडं तरी विकत घ्यावं लागणार नाही."

तर मी खोदतेय. ते बो-शेंगकाकांचे वर्गमित्र, एवढं मला माहीत आहे. पण बो-शेंगकाकांबद्दलच मला कुठे काय माहीत आहे? बाबांचे मोठे भाऊ, मार्शल लॉच्या दिवसांत विद्यार्थी असताना पकडले गेले आणि कोठडीत वारले, बस्स. बाबा त्यांचं नाव निघालं की उठून जायचे. तू काही बोलायची नाहीस, फक्त सातव्या महिन्याच्या पंधराव्याला जेवणावर एक जास्तीची वाटी मांडायचीस. गेल्या वर्षी मी नातेवाईक म्हणून त्यांच्या फाईलसाठी अर्ज केला होता. ती आता मिळेल म्हणतात.

पंचांगातल्या सातव्या महिन्यात, पितरांच्या महिन्यात, कुणी शुभ काही जाहीर करत नाही. बाईंचा देवावर विश्वास नाही, पण मतदारांचा आहे. म्हणून नाव जाहीर व्हायचं ते आठव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, १३ सप्टेंबरला. तोवर मला डॉक्टरकाकांबद्दल सगळं लिही. चांगलं लिही, आणि वाईट असेल तर ते आधी लिही.

तुझी,
यी-रू


लुगांग, ७ ऑगस्ट

चि. यी-रू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र उदबत्तीच्या भुकटीत पडलं, म्हणून कागदाला चंदनाचा वास आला तर मी मुद्दाम लावला असं समजू नकोस.

त्से-युआन आणि उपराष्ट्राध्यक्ष! अगं, त्या माणसाला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही. वाईट आधी लिही म्हणतेस, तर घे. गाडी चालवतो ती डोळे मिटून. गातो तेव्हा शेजारचं कुत्रं उठून जातं. आणि दवाखान्यात कालवं सोलणाऱ्या बायकांच्या कापलेल्या बोटांना टाके घालतो आणि वर त्यांच्याकडूनच कालवांचं ऑम्लेट खाऊन येतो, स्वतःचं कोलेस्टेरॉल विसरून. झालं, वाईट संपलं.

पहिल्यांदा आला तेव्हा वीस वर्षांचा होता. बो-शेंगच्या सायकलीवर मागे बसून आला आणि रताळ्याच्या पेजेच्या चार वाट्या प्यायला. तेव्हापासून बो-शेंग मला जशी हाक मारायचा तशीच हा मारतो, 'ताई' म्हणून, 'ता' लांबवून. दोघांचा आवाज इतका सारखा की अंगणातून हाक आली की आई विचारायची, "आपला की लिआवांचा?" बो-शेंग गेल्यावर हा येतच राहिला. दर छिंगमिंगला, थडगी साफ करायच्या दिवशी, त्याच्या थडग्यावरचं गवत हाच कापतो, मला विळा हातात धरू देत नाही. आई आजारी पडली तेव्हा तीन महिने रोज येऊन तिची सुई हाच टोचायचा. तुझ्या बापानेही एवढं केलं नाही, देव त्याला शांती देवो.

तो उन्हाळा मला आठवत नाही. विचारू नकोस. आणि फाईल कशाला मागवलीस? जुन्या कागदात कसर असते, घरभर होते.

पुढच्या आठवड्यात सातवा महिना लागतोय. तुला हसू येईल, तरी ऐक. संध्याकाळनंतर कपडे बाहेर वाळत ठेवू नकोस. रस्त्यात शीळ घालू नकोस. चांगले भाऊ महिनाभर मोकळे फिरतात, त्यांना भुतं म्हणायचं नाही, वाईट वाटतं त्यांना. आणि मागून कुणी नावाने हाक मारली तर वळून बघायचं नाही.

मला दर वर्षी येते. भर दुपारी, अंगणात उदबत्त्या वाळत घालताना, पाठीमागून. "ताई." त्रेचाळीस वर्षं झाली, मी एकदाही वळलेले नाही.

त्से-युआनला घ्या. याहून चांगला माणूस तुम्हाला मिळायचा नाही.

तुझी,
आत्या


तैपेइ, १७ ऑगस्ट

प्रिय आत्या,

हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतलं. तू खाली बसून वाच.

फाईल मिळाली. एकशे बारा पानं. सरकारी दफ्तराच्या वाचनखोलीत बसून मी ती वाचली, समोर एक बाई पेन्सिल तेवढी वापरायची म्हणून लक्ष ठेवून होती. बो-शेंगकाका पत्रकं छापायच्या प्रकरणात हवे होते, आणि तीन आठवडे सापडत नव्हते. मग एक दिवस खबर आली. खबर देणाऱ्याचं नाव काळ्या शाईने झाकलंय, तीन अक्षरांची जागा. डॉक्टरकाकांचं नाव आडनाव धरून तीन अक्षरी आहे. तुझं आहे, माझं आहे, आपल्याकडे बहुतेकांचं असतंच, म्हणून आधी मी तिकडे लक्ष दिलं नाही. पण नाव झाकलं तरी मजकूर तसाच ठेवलाय. मी उतरवून घेतला:

"इसम समुद्रकाठी कालवं सोलण्याच्या जुन्या शेडमध्ये लपला आहे. दर दोन दिवसांनी त्याला रताळ्याची पेज आणि खारवलेला मुळा पोहोचवला जातो. खबर देणारी व्यक्ती त्या घरात जेवायला बसते, माहिती पूर्ण विश्वासार्ह. मोबदला देऊ केला, घेतला नाही. एवढंच विचारलं की तो पंधराव्याला घरी येईल ना."

घरात जेवायला बसते! आत्या, घरातल्या माणसाला कुणी 'जेवायला बसते' म्हणतं का? हा बाहेरून येऊन जेवणारा माणूस आहे. पेजेच्या चार वाट्या पिणारा. 

अजून एक आहे. फाईलच्या शेवटी एका फॉर्मच्या पाठीवर काकांचं अक्षर आहे. तुझ्या नावाने लिहिलेली चिठ्ठी, कधी पाठवलीच नाही त्यांनी:

"ताई, मी बरा आहे. पंधराव्याला माझी वाटी मांड. त्से-युआनला सांग, सायकल वापर, नुसती उभी ठेवलीस तर गंजेल. कुणी सांगितलं हे विचारत बसू नका. बो-शेंग."

त्रेचाळीस वर्षं ही चिठ्ठी टाचणी लावून पडून होती. मी प्रत सोबत पाठवतेय. काकांना शेवटपर्यंत ज्याची काळजी होती, त्यानेच... मला पुढे लिहवत नाही.

मला एकच सांग. त्या शेडची जागा कुणाकुणाला माहीत होती? तुझ्या उत्तरावर सगळं आहे. डॉक्टरकाका निर्दोष असतील तर मी त्यांच्यासाठी क्वोसाहेबांशी भांडेन. नसतील तर हा माणूस देशाचा उपराष्ट्राध्यक्ष होता कामा नये.

यी-रू


तैपेइ, २४ ऑगस्ट

आत्या, आठवडा झाला. फोन उचलत नाहीस. शेजारच्या मासळीवालीला विचारलं तर म्हणाली, दुकान उघडं आहे, तू अंगणात असतेस, पण ओ देत नाहीस. बरी आहेस ना? क्वोसाहेबांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय.

यी-रू


लुगांग, २७ ऑगस्ट

चि. यी-रू,

बरी आहे. मासळीवालीच्या तोंडाला कुलूप नाही.

ऊन चांगलं आहे, माल लवकर वाळतो. परवा कारखान्यात भुकटीचं पोतं फुटलं. झाडायला गेले तर जमिनीवर अनवाणी पावलं उठलेली. दारापासून माझ्या पाटापर्यंत. परत जाणारी नाहीत. मी झाडून टाकली. माझीच असतील. पण मी तर चपला घालते.

चिठ्ठी मिळाली. अक्षर त्याचंच आहे.

तू विचारलंस शेड कुणाला माहीत होती. आईला नाही. बाबांना नाही. तुझा बाप बारा वर्षांचा, त्याला कोण सांगणार? त्से-युआनला माहीत होती. पेज तोच सायकलीवरून न्यायचा. हे खरं आहे.

आता माझं ऐक. त्याला घेऊ नका. पण कारण काही लिहू नका, गाजावाजा करू नका. हळूच नाव वगळा. त्याचं काय बिघडणार आहे? दवाखाना आहे, कालवंवाल्या आहेत, त्याला कुठे तो राजवाडा हवाय. इतकी वर्षं गेली. ज्याने सांगितलं त्याने काही वाईट डोक्यात ठेवून सांगितलं नसेल. बो-शेंगच म्हणतो ना, विचारत बसू नका.

उद्या पंधरावा. वाटी मांडायची आहे. त्से-युआन दर वर्षीप्रमाणे येईल आणि समोर बसेल.

तू विचारलंस तेवढ्याचं उत्तर दिलंय.

आत्या


तैपेइ, २ सप्टेंबर

प्रिय आत्या,

झालं. तुला त्रास होईल, पण तुझ्यापासून लपवणं मला जमायचं नाही. खरं तर डॉक्टरकाकांनी मला बजावलंय की यातलं अक्षरही तुला कळवायचं नाही. पण त्यांनी सांगावं आणि मी ऐकावं असे दिवस आता राहिले नाहीत.

तुझं उत्तर मी क्वोसाहेबांना सांगितलं. फाईलमधला मजकूरही दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "यावर कोर्टात काही टिकणार नाही. पण मला कोर्ट नकोच." त्यांनी डॉक्टरकाकांना बोलावून घेतलं आणि भर दुपारी नगरदेवाच्या देवळात नेलं. आम्ही तिघंच. पूर्वी अशा वेळी कोंबड्याचं मुंडकं उडवायचे. क्वोसाहेब म्हणाले, "आता प्राण्यांचे कायदे झालेत, नुसता कागद पुरे." पिवळा कागद, त्यावर दोन ओळी लिहून आणलेल्या. मोठ्याने म्हणायचं आणि कागद देवापुढे जाळायचा. खोटं बोललास तर पुढचं देव बघून घेतो.

"डॉक्टर, फायलीवर शाई फासलीय," क्वोसाहेब म्हणाले. "देवाच्या डोळ्यांवर नाही फासलेली. म्हणा."

पहिली ओळ होती: श्यू बो-शेंगची खबर मी दिलेली नाही. दुसरी: खबर कुणी दिली हे मला ठाऊक नाही.

डॉक्टरकाकांनी कागद डोळ्यांजवळ धरला. वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, "पहिलं वाक्य म्हणतो. दुसरं नाही म्हणणार."

"का?"

"नको ते."

"अहो, दुसरं तर सोपं आहे! या देशात दोन कोटी माणसं ते बिनघोर म्हणू शकतील."

"मग त्यांच्यातलं कुणी शोधा," काका म्हणाले, आणि कागद नीट घडी करून क्वोसाहेबांच्या हातात परत दिला.

क्वोसाहेबांनी मान हलवली. देवापुढे अर्धीच शपथ घेणारा माणूस अर्धाच गुन्हेगार नसतो, असं त्यांचं मत. मला राहवलं नाही. मी तिथेच ओरडले, "चाळीस वर्षं आमच्या घरी जेवलात तुम्ही! काकांच्या वाटीसमोर बसून!"

ते म्हणाले, "हो. फार चांगलं जेवलो." आणि छत्री उघडून उन्हात निघून गेले.

नाव कटलं. कुठल्या तरी प्राध्यापकाचं नाव पुढे आलंय, तेरा तारखेला जाहीर होईल. आमच्या ऑफिसातून कुणीतरी बातमी फोडली. कालच्या एका वर्तमानपत्रात नाव न घेता आलंय, 'मित्राला विकणारा डॉक्टर'. लुगांगमध्ये कुणाला कळायचं राहणार आहे? मला वाईट वाटतंय आणि वाटत नाही. तू सांग, मी बरोबर केलं ना?

यी-रू


लुगांग, ५ सप्टेंबर

यी-रू,

तू बरोबर केलं नाहीस. पण तुझा काही दोष नाही.

तू वकील ना गं? मग एवढा साधा विचार नाही केलास? दुसरं वाक्य कोण म्हणू शकत नाही? ज्याला माहीत आहे तो. त्से-युआनला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझं पत्र वाचेपर्यंत, त्याला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.

खबर मी दिली.

लिहिलं बघ. हात कापून पडेल असं वाटलं होतं. तीनच शब्द.

गुप्त पोलिसांचा एक माणूस दुकानात यायचा. नीटनेटका, हळू बोलणारा, आईसाठी म्हणून उदबत्त्या न्यायचा. कधी धमकी दिली नाही. म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ पोरसवदा आहे. आम्हाला दोन प्रश्न विचारायचेत आणि सोडून द्यायचंय. दुसऱ्या खात्याच्या लोकांच्या हाती आधी लागला तर मी काही करू शकणार नाही. आमच्याकडे आला तर पंधराव्याच्या जेवणाला घरी असेल." मी अठ्ठावीस वर्षांची होते. बो-शेंगला तिकडे ओलीत झोपून खोकला झाला होता. त्से-युआन सांगायचा, रक्त पडतं. आणि मला वाटलं, मी सगळ्यात मोठी, मी नाही ठरवायचं तर कुणी?

मी देवाला विचारलं. आपल्या इथल्याच नगरदेवाला. दोन लाकडी तुकडे हातात घेऊन कौल लावला. विचारलं, "सांगितलं तर तो पंधराव्याला घरी येईल का?" तीनदा टाकले. तीनही वेळा एक उताणा, एक पालथा. होय, होय, होय.

आणि तो आला गं. पंधराव्यालाच आला. सकाळी ट्रकमधून पेटी उतरवली, कागदावर लिहिलेलं हृदय बंद पडलं. आईने त्याच्यासाठी वाटी मांडलेलीच होती. देव खोटं बोलला नाही. जिवंत येईल का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. त्या दिवसापासून मी ते तुकडे हातात घेतलेले नाहीत.

त्से-युआनला कसं कळलं ते आता माझ्या लक्षात येतंय. तो माणूस शेवटचा आला, त्या दिवशी मी त्याला चहा दिला होता. कुणी गिऱ्हाइकाला चहा देतं का? त्से-युआन तेव्हाच पेजेचा डबा न्यायला अंगणात आला. त्याने आम्हाला बघितलं, मी त्याला बघितलं. तो हसला आणि डबा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी शेडवर धाड पडली.

आणि तो येतच राहिला. त्रेचाळीस वर्षं माझ्या समोर बसून माझ्या हातचं जेवला, थडग्यावरचं गवत कापलं, माझ्या आईला सुया टोचल्या. मला वाटायचं, बिचाऱ्याला काही माहीत नाही. मनातून त्याला भोळा म्हणायचे मी.

आणि मागच्या पत्रात मी काय केलं बघ. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. 'शेड त्से-युआनला माहीत होती. हे खरं आहे.' खरंच लिहून मी दुसऱ्यांदा तेच केलं. एकदा भाऊ दिला, एकदा भावासारखा दिला. पहिल्या वेळी निदान कळत नव्हतं.

हे पत्र तुझ्या क्वोसाहेबांना दाखव, बाईंना दाखव. छापा हवं तर.

आत्या


तैपेइ, ८ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र कुणाला दाखवलेलं नाही. पर्समध्ये घेऊन फिरतेय आणि पर्स कुठे ठेवायची हिंमत होत नाही.

मी पहाटेची गाडी पकडून डॉक्टरकाकांकडे गेले होते, तुला न सांगता. दवाखान्यात दोनच पेशंट होते, एरवी बाकावर जागा नसते. पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि परत दिलं. म्हणाले, "जाळून टाक. ताई एकाहत्तर वर्षांची आहे, तिला याच गल्लीत राहायचंय. मला राष्ट्राध्यक्षाशेजारी फोटो काढून काय करायचंय?" मी त्यांच्या पाया पडायला गेले तर म्हणाले, "खाली काय शोधतेस? माझी नाडी सुटलीय, ती बांध."

मला काय करावं कळत नाही. पत्र दाखवलं तर तू जातेस. नाही दाखवलं तर ते जातात. आणि खरं सांगू? पत्र वाचून झाल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो जाळण्याचाच. त्यांनी सांगायच्याही आधी. तू माझी आत्या आहेस, मला तूच वाढवलंस. तेरा तारीख निघून जाऊ दे, मग कुणी विचारणारही नाही, असं वाटलं. मी इतरांचं खरवडायला बसलेली बाई.

तूच सांग. तू सांगशील ते करते.

यी-रू


लुगांग, १२ सप्टेंबर

चि. यी-रू,

तू काही करू नकोस. मी केलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुमच्या ऑफिसात फोन लावला. हो, फोन! क्वोसाहेबांना मागितलं आणि आमच्या फोनवर इतकी वर्षं जे बोलले नाही ते सगळं बोलले. ज्याला चोरून ऐकायचं असेल त्याने ऐकावं म्हणून मुद्दाम मोठ्याने बोलले. क्वोसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही डॉक्टरांना वाचवायला कशावरून बोलत नाही?" माणूस हुशार आहे. मी म्हटलं, "मग या. कागद मी आणते."

आज सातव्या महिन्याचा शेवटचा दिवस. आज चांगल्या भावांना परत जावं लागतं. म्हणून आजचाच दिवस धरला.

सकाळी अकरा वाजता आपल्या नगरदेवाच्या देवळात क्वोसाहेब आले. बाजारातल्या बायका होत्याच, मासळीवालीने कुणाला राहू दिलं नव्हतं. मी कागद हातात धरला, पण वाचायची गरज पडली नाही. पहिलं वाक्य: श्यू बो-शेंगची खबर मी, त्याच्या बहिणीने दिली. दुसरं वाक्य: लिआव त्से-युआनला हे माहीत होतं आणि त्याने मला झाकलं. एका बाईने आपल्या नातवाचा हात धरला आणि त्याला बाहेर नेलं. क्वोसाहेबांनी डोक्यावरची प्रचाराची टोपी काढली आणि ती कुठे ठेवायची हे त्यांना सुचेना.

दुपारनंतर दुकानात कुणी आलं नाही. मासळीवाली आली, एक जुडी उचलली, काही न बोलता गेली. उद्या तीही येईल की नाही सांगता येत नाही. ते मला भोगायचं आहे, त्यात तू पडू नकोस. तुझ्या बाईंनी स्वतः त्से-युआनला फोन केला होता. जाहीर करायचं दोन दिवस पुढे ढकलतो, फक्त हो म्हणा, म्हणाल्या. तो म्हणाला, "आधी जेवतो, मग सांगतो." क्वोसाहेब आमच्या ओट्यावर बसून राहिले होते, त्याच्या जेवणाची वाट बघत.

आता राहिलेलं सांगते. हे क्वोसाहेबांना कळलं नाही, कुणालाच कळलं नाही.

कागद पेटवला तेव्हा माझं तोंड देवाकडे होतं. कागद जळून बोटांना चटका बसला, मी राख खाली टाकली, आणि पाठीमागून हाक आली.

"ताई."

तोच आवाज. 'ता' लांबवलेला. दर वर्षी अंगणात येतो तोच. सातवा महिना संपायला अर्धा दिवस उरलेला. मनात म्हटलं, न्यायला आलास ना? मग ने. एवढी वर्षं पाठ दाखवली तुला, आता तोंड बघ माझं.

मी वळले.

दारात त्से-युआन उभा होता. पांढरा डगला, गळ्यात ती नळी, बुटाची नाडी सुटलेली, धापा टाकत. कुणीतरी दवाखान्यात जाऊन सांगितलं असणार. तो पासष्ट वर्षांचा म्हातारा त्या उंबऱ्यात उभा राहून रडत होता, आणि मला गप्प बस म्हणावं की काय म्हणावं, हे त्याला कळत नव्हतं. आपल्याकडे दारात कुणी आलं की विचारतात तेवढंच माझ्या तोंडातून निघालं.

"जेवलास का?"

"नाही गं, ताई."

त्याला घरी घेऊन आले. पेज केली, खारवलेला मुळा काढला. वाट्या मांडायला गेले तर हात आपोआप तिसरीकडे गेला. बो-शेंगची वाटी. त्रेचाळीस वर्षं ती मांडली, आणि जेवणं झाली की तशीच कोरडी उचलून ठेवली. आज त्या वाटीत पेज वाढली आणि त्से-युआनपुढे ठेवली. त्याने वाटी ओळखली. माझ्याकडे बघितलं, आणि मग चार वेळा मागून घेतली.

आता सगळं आवरून हे लिहितेय. अंगणात माल वाळतोय, मागे कुणी नाही. मघाशी ती वाटी घासायला घेतली. तिला पेज चिकटली होती, जरा वेळ लागला.

तुझी,
आत्या